नावं नसलेली वही

आमच्या हॉस्पिटलच्या वाय-फायचा पासवर्ड सात वर्षं एकच होता, आणि तो खालच्या चहावाल्यालाही पाठ होता. पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलं की चहा गाळता गाळता तो सांगायचा, वर पहिलं अक्षर मोठं काढा म्हणून बजावायचा. एवढी तत्परता आमच्या रिसेप्शनला कधी जमली नाही. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं त्या दिवशी अर्धा कप चहा तसाच ठेवून तीन जिने चढले आणि आमचे प्रशासक वेणुगोपाल सर यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सर, नवा नेटवर्क करना पडता. और अच्छे से करना पडता."

मी सरोज. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. त्याआधी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि घरी बसून सोफ्याची कव्हरं बदलत राहण्यापेक्षा बरं म्हणून हैदराबादच्या काचीगुड्यातल्या या हॉस्पिटलात आले. मला राग लवकर येतो. चिक्कडपल्लीला आमच्या गल्लीत गॅसवाला सगळ्यात आधी माझ्या दारात सिलिंडर उतरवतो, ते काही माझ्यावरच्या मायेपोटी नाही. पण दिलेला शब्द मी कधी मोडला नव्हता. हे मी चारचौघांत तोऱ्यात सांगत असे.

ट्रस्टींनी हो म्हणायला दीड वर्ष घेतलं. योजना मी केली. नव्या पिढीच्या वाय-फायला वेग भरपूर, पण जुन्या जाड भिंतीपुढे त्याची दमछाक होते, म्हणून यंत्रं जास्त ठिकाणी लावावी लागतात. सगळ्यांनी मिळून एकच पासवर्ड वापरायचा हा पोरखेळ बंद करून प्रत्येकाच्या फोनला आणि टॅबला त्याचं स्वतःचं डिजिटल ओळखपत्र द्यायचं होतं. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं ओळखपत्र रद्द, बाकी कुणाला त्रास नाही. खरी अडचण जुन्या उपकरणांची होती. सलाइनचे पंप, खाटेजवळचे मॉनिटर, यांना नवी सुरक्षा कळतच नाही, आणि ती सगळी बदलायला तीन वर्षं तरी लागणार. तोवर त्यांच्यासाठी एक वेगळी बंदिस्त वाट ठेवायची, जिच्यात यादीतल्या यंत्रांशिवाय कुणी शिरणार नाही. त्यासाठी आधी यादी पाहिजे. इमारतीत नेमकं काय काय कुठं जोडलेलं आहे, हे देवाला ठाऊक.

कारण लोकांनी आपापली सोय करून घेतली होती. जिथं वाय-फाय पोचत नव्हतं तिथं कुणी गुजराती गल्लीतल्या बाजारातून घरगुती राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता. असं प्रत्येक डबडं म्हणजे पुढच्या दाराला तीन कुलपं लावून न्हाणीघराची खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखं. लॅपटॉप घेऊन फिरलं की काही सापडतात, पण कपाटात ठेवलेले, गरजेपुरते चालू करणारे, नाव लपवून ठेवलेले कुठं सापडायला? ते माणसांनी सांगावे लागतात. आणि माणसं का सांगतील?

म्हणून मी शब्द दिला. सहा आठवडे रोज दुपारी एकेका मजल्यावर गेले आणि एकच गोष्ट सांगत राहिले. दाखवा, मी कागदावर नाव घालणार नाही, कुणाला मेमो निघणार नाही. जे लागेल ते मी नव्या नेटवर्कमध्ये बसवून देते. आधी सगळे माझ्याकडे वसुलीवाल्याकडे बघावं तसे बघत. मग क्ष-किरण विभागातल्या एकाने हळूच टेबलाखालचा डबा दाखवला, आठ दिवस त्याला काही झालं नाही, आणि बाकीच्यांची तोंडं उघडायला लागली.

सगळ्यात शेवटी सुगुणा सिस्टर. चौथ्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डात ती नऊ वर्षं होती, नऊही वर्षं कंत्राटावर. तिचा कायम होण्याचा कागद पुढच्या महिन्यात निघणार होता. मला ती सरोजक्का म्हणायची आणि माझ्याशी कडाकडा भांडायची. त्या दिवशी मात्र भांडली नाही. मला लिनन ठेवायच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

"अक्का, मेरा पर्मनेंट का कागज अगले महीने है. कुछ हुआ तो नौ साल पानी में. लिखते तो नै ना?"

"नाम नै लिखती. जबान देती मैं."

तिने चादरींचा ढीग बाजूला केला. मागे पांढरा राउटर लुकलुकत होता. लिफ्टच्या भिंतीमागच्या तीन खाटांना आमचं वाय-फाय पोचत नव्हतं. मॉनिटर खाटेजवळ ओरडायचा, पण दोन दारांपलीकडे तिच्या टेबलावर अलार्म यायचा नाही. एकदा एका सात महिन्यांच्या मुलीचा ऑक्सिजन उतरला तो तिच्या आईने धावत येऊन सांगितला म्हणून कळला. सुगुणाने तीनदा लेखी तक्रार केली, मग स्वतः जाऊन राउटर घेऊन आली. त्या तिन्ही तक्रारी कुठं पडल्या होत्या ते मी नंतर शोधलं. आमच्याच विभागाच्या मेलमध्ये, न उघडलेल्या.

तेव्हा मला तिची लाज वाटली नाही, माझी वाटली.

अकरा जागा निघाल्या. रिपोर्ट मी इंग्रजीत केला: मजला, खोली, कारण, उपाय. नाव एकही नाही. पण नेटवर्क बदलायच्या दिवशी त्या त्या जागी मला नेमका माणूस गाठावा लागणार होता, तेव्हा आठवण म्हणून मी माझ्या वहीत नोंदी ठेवल्या. तिथंही नावं नाहीत. मराठीत, माझ्या भरभर अक्षरात, माणसाची खूण फक्त. ‘लॅबमधला उंडगा, सदा कॅन्टीनला.’ ‘दुसरा मजला, जावयाचं कौतुक सांगणारी.’ सुगुणापुढे लिहिलं होतं, ‘मुलांचा वॉर्ड, ठेंगणी, भांडकुदळ, सोन्यासारखी बाई. आईचे गुडघे.’ तिच्या आईचं गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते.

या इमारतीत तेलुगू वाचणारे आहेत, उर्दू वाचणारे आहेत, केरळच्या सिस्टर आहेत. हिंदीवाले अक्षरं जुळवतील, पण ‘उंडगा’ त्यांच्या बापाला कळणार नाही. तेव्हा वही मी टेबलावर उघडी टाकून खुशाल फिरत असे. जी बाई पाच मजले सगळ्यांना बजावत होती की एका किल्लीवर भरवसा ठेवू नका, तिने स्वतःच्या वहीला मराठी हे एकच कुलूप लावलं होतं. आणि त्याची किल्ली मी स्वतः घडवून एकीच्या हातात दिली होती.

ती मेघना. माझ्या विभागातली, वय एकोणतीस, घर सुलतान बाजारात. चार पिढ्या हैदराबादेत. घरात मराठी बोलतात, पण शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू, त्यामुळे मराठी वाचायचं म्हटलं की तिची गाडी दुसऱ्या अक्षराला अडायची. लग्न ठरलं होतं नांदेडला. सासरच्या ग्रुपवर सगळे मराठीत लिहीत आणि ही अंदाजाने अंगठे दाखवी. एकदा कुणाच्या तरी तेराव्याच्या निरोपाला तिने अंगठा दाखवला, तेव्हा रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"काकू, मला वाचायला शिकवा ना. प्लीज."

दीड वर्ष मी तिला जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी ती खायची आणि मी तिच्याकडून वाचून घ्यायची. बालभारतीच्या धड्यांना ती कंटाळली, तेव्हा म्हटलं, माझी वही वाच, माणसांच्या हाताचं अक्षर वाचता आलं पाहिजे. जोडाक्षरावर ती अडखळली की मी बोट ठेवायची. पहिल्यांदा एक आख्खं पान न अडता वाचलं त्या दिवशी मी तिला खाली नेऊन इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं खायला घातली. मला मुलगी नाही. असती तर ती अशीच असती, असं मला वाटायला लागलं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते, तिला तर नाहीच.

रिपोर्ट ट्रस्टींपुढे गेला. त्यांच्यातल्या एकाने बाकी सगळं सोडून तेवढंच धरलं: आपल्या हॉस्पिटलात अकरा बेकायदा राउटर, मग ते लावणाऱ्यांवर काय कारवाई केली? वेणुगोपाल सरांनी मला बोलावून नावं मागितली.

"नामां नै मेरे पास, सर. लोगां बताये सो इसी शर्त पे बताये."

"ठीक है मेडम. छोड दो," सर म्हणाले, आणि हसले.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत बाहेर आले. मेघनाला सांगितलं, सरांना कसं वाटेला लावलं ते. तिने ऐकून घेतलं. मग दोन दिवसांनी, जेवताना, तिने विचारलं, "काकू, भांडकुदळ म्हणजे एक्झॅक्टली काय?"

"भांडायला सदा कंबर कसून तयार. पण प्रेमानेही म्हणतात गं. मी सुगुणाला म्हणते ते प्रेमाने."

"आणि उंडगा?"

"कामधंदा सोडून हिंडणारा. तुझ्या नांदेडात असतील चार, बघ."

ती हसली आणि तिच्या फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, सासरसाठी शब्द जमवायलीय. मी आणखी तीन शब्दांचे अर्थ सांगितले, न विचारता.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता सरांच्या खोलीत मला बोलावलं. आत सर होते, एचआरचा श्रीकांत होता, आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर टोकाला सुगुणा बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिला थोडा धीर आल्यासारखा दिसला. अक्का आली, आता बघून घेईल, असं. ते मी विसरू शकत नाही.

श्रीकांतने छापील कागद काढला आणि इंग्रजीत वाचायला लागला. मुलांचा वॉर्ड, चौथा मजला. उंचीला कमी. भांडखोर. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. रजेच्या नोंदींवरून ओळख पटली, पुढे सुगुणाचं पूर्ण नाव आणि नोकरीचा क्रमांक.

माझी वही इंग्रजीत बोलत होती. ओळीमागून ओळ, माझ्याच क्रमाने. एकही शब्द सुटला नव्हता, फक्त ‘सोन्यासारखी बाई’ तेवढं नव्हतं. ते बहुधा कारवाईच्या कामाचं नसावं.

सुगुणाला इंग्रजी पुरेसं येतं. ती श्रीकांतकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सर म्हणाले, "सरोज मेडम का सर्वे है ये. मेडम, सही है ना?"

मी हो म्हटलं असतं तरी मेले होते आणि नाही म्हटलं असतं तरी. मी म्हटलं, "ये मेरी खुद की नोटबुक है सर, रिपोर्ट नै. ये आपके पास आयी कैसे?" पण ते म्हणताना मी ते खोटं आहे असं म्हटलं नव्हतं, आणि खोलीतल्या तिघांनाही ते कळलं.

"भांडखोर," सुगुणा हळूच म्हणाली. तो एक शब्द तिने श्रीकांतच्या इंग्रजीत म्हटला. मग उठली. दारापाशी थांबून मला म्हणाली, "थँक्यू, मेडम." नऊ वर्षांत, म्हणजे माझ्या इथल्या सहा वर्षांत, तिने मला मेडम म्हटलं नव्हतं.

मेघना सर्व्हर रूममध्ये होती. थंडीत शाल पांघरून बसली होती, माझीच, मी तिथं ठेवलेली. मी दार लावून घेतलं. माझ्या अंगाचा भडका उडाला होता.

"फोटो कधी काढलेस?"

तिने कुठले फोटो असं विचारलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. "तुम्ही डबा धुवायला नळावर जाता ना, काकू. तेव्हा."

"सरांना वही आहे हे कुणी सांगितलं?"

"मी." मग भरभर बोलायला लागली. "काकू, नावं नाहीत म्हटल्यावर ट्रस्टी पूर्ण प्रोजेक्टच थांबवूलाले होते. सर म्हणाले, आपण काहीतरी लपवायलोय असं दिसतं. तुमचीच दीड वर्षाची मेहनत वाया गेली असती. आणि तुम्हीच म्हणता ना, सिक्युरिटीमधे लपवलेली गोष्ट हाच धोका? मी चुकीचं काय केलं?"

"आणि तुला काय मिळालं?"

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाली, "पुढचा टप्पा मी बघायचा असं सर म्हणाले. पण मी मागितला नव्हता, खरंच."

"मेघना, मी त्या बाईला शब्द दिला होता. तुला माहीत होतं. तू शेजारी बसून माझी भाजी खात होतीस आणि त्याच तोंडाने मला शब्दांचे अर्थ विचारत होतीस. माझ्याकडून वदवून घेतलंस तू सगळं. मीच दिलं तुला तिचं नाव, एकेक शब्द समजावून."

"काकू, चुकीचं ट्रान्सलेट झालं असतं तर त्यांचंच नुकसान झालं असतं ना. म्हणून विचारलं."

ती हे मनापासून बोलत होती. धडा नीट करून आणलेल्या विद्यार्थिनीसारखी. तिला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी, मला सांगायची लाज वाटते, तिने इतकं अचूक वाचलं याचा कुठंतरी अभिमानही वाटला. तो वाटला म्हणून मला माझाच जास्त राग आला. मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. छप्पन्न वर्षांची बाई, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र.

त्याच दुपारी मी सरांना पत्र लिहून दिलं. अकराही राउटर माझ्या तोंडी परवानगीने लावले होते, जबाबदारी माझी. सरांनी ते दोनदा वाचलं.

"ये झूट है मेडम. आपकू भी मालूम, मेरेकू भी."

"हौ सर. पर नीचे दस्तखत मेरी है ना."

ट्रस्टींना एक गुन्हेगार हवा होता, तो लेखी मिळाला. अकराही जणांना निघालेले मेमो मागे घेतले गेले. योजनेवरून माझं नाव काढलं, मेघनाचं घातलं. मला जुन्या लँडलाइन आणि इंटरकॉमकडे बसवलं, म्हणजे मी जिथून निघाले होते तिथंच. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. पण सुगुणाची फाइल एकदा उघडली गेली होती. तिचा कायमचा कागद एक वर्ष पुढे ढकलला, ‘वर्तणूक पाहून’ असा शेरा मारून. माझ्या पत्राने तिची नोकरी वाचली. नऊ वर्षांचं मात्र तिने म्हटलं होतं तेच झालं.

मी तिला भेटायला दोनदा चौथ्या मजल्यावर गेले. दोन्ही वेळा ती राउंडवर होती. तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा मी सांगितलं, कसं झालं, कुणी केलं, मी काय लिहून दिलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "और कुछ काम था, मेडम?"

अकरा डबे सिक्युरिटीवाल्यांनी पोत्यात भरून नेले होते. नवी यंत्रं लागायला पुढे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत लिफ्टमागच्या तीन खाटांचं काय झालं, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला अधिकार राहिला नव्हता.

जुनं बंद करून नवं चालू करायचा दिवस ठरला, शनिवार सकाळी दहा. गुरुवारी मेघना माझ्या इंटरकॉमच्या खोलीत आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"काकू, फ्लोअरवर मला कोणीच काही सांगत नाहीये. सगळे म्हणतात, कुछ नै है. पण स्कॅनमधे दिसूलालेत. तुम्ही एकदा चला माझ्यासोबत."

मी तिच्यासाठी गेले नाही. यादीत नसलेलं यंत्र शनिवारी दहाला बाहेर फेकलं जाणार होतं, आणि त्यात एखादा पंप असला तर? शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी पाच मजले फिरलो. लॅबमधला तो कॅन्टीनवाला मला बघून कागदात तोंड खुपसून बसला. जावयाचं कौतुक सांगणाऱ्या बाईंनी जावयाचा विषयही काढला नाही. सगळे फार नम्र होते. मला नम्रपणाचा इतका मार आयुष्यात बसला नव्हता.

चौथ्या मजल्यावर लॅपटॉपवर एका नव्याच राउटरचं नाव जोरात दिसत होतं, लिफ्टच्या भिंतीमागून. या दोन महिन्यांत वॉर्डात खाटा हलल्या होत्या, मॉनिटरांची अदलाबदल झाली होती. त्या डब्यावर कोणती यंत्रं आहेत हे एकट्या सुगुणाला माहीत होतं. मी मेघनाला खाली पाठवलं.

"कुछ नै है, मेडम," मी विचारायच्या आधीच सुगुणा म्हणाली.

"सुगुणा, अब मैं अकेली हूं. कल दस बजे वो डब्बा बंद होता. जो मशीन मेरी लिस्ट में नै, उसका अलार्म तेरे टेबल पे नै आता. बच्चे हैं. मेरा गुस्सा उनपे नक्को निकाल."

"गुस्सा नै है, मेडम." ती एका बाळाचं पांघरूण सारखं करत होती. "आपकू बोली तो आप लिख लेते. आपके मन में कुछ नै, मालूम मेरेकू. पर आप लिख लेते, और कोई तो भी पढ लेता. कल मेरी छुट्टी थी, कॅन्सल करी. सुबे से मैं खुद बैठती उनके पास. मेरी आंखां हैं ना."

मेघनाने मला फसवलं हे मी कुणालाही सांगू शकत होते, आणि ऐकणारा हळहळला असता. पण सुगुणाला कुणी फसवलं असं त्या मजल्यावर कुणाला विचारलं असतं, तर मेघनाचं नावही कुणी घेतलं नसतं. माझं घेतलं असतं, आणि ते बरोबर होतं. मेघनाच्या फॉर्मवर चौथ्या मजल्यापुढे मी ‘काही नाही’ असं लिहिलं आणि सही केली.

शनिवारी साडेनऊला मी वर गेले. सुगुणाने खुर्ची अशी ठेवली होती की तिन्ही खाटा एकदम दिसतील. ती बसली नव्हती, उभी होती, एका मुलाच्या पायावर हात ठेवून, नजर दुसऱ्याच्या छातीवर. मी शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हटलं, "एक मैं देखती, सुगुणा. बस एक."

तिने नजर हलवली नाही.

"नक्को, मेडम," ती म्हणाली. "ये मेरे बच्चे हैं. आप जाओ."

मी स्टूल होतं तिथं ठेवलं. बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले, आणि साडेबाराला तिन्ही मॉनिटर शोधून यादीत घेतले, आता अलार्म टेबलावर येतो, असा मेघनाचा खालून फोन आला तोपर्यंत तिथंच बसून राहिले. वॉर्डात जाऊन ते सुगुणाला सांगायला मी दुसऱ्या सिस्टरला पाठवलं.